टर्कीचा माऊथ कॉल घरी करायचाय, रीडसाठी कोणतं रबर घ्यावं?

लँकेस्टरकर
नमस्कार मंडळी, मी पेनसिल्व्हेनियात असतो. आमच्या शेजारचे आजोबा दर वसंतात रानटर्कीच्या (कोंबडीच्या जातकुळीतला मोठा रानपक्षी) शिकारीला जातात, गेल्या सीझनपासून मलाही सोबत नेतात. लायसन्स, हंटर सेफ्टीचा कोर्स वगैरे सगळं रीतसर झालंय. इथे स्प्रिंग सीझनला नराला आवाज देऊनच जवळ बोलवायचं असतं, त्याच्या मागे मागे जाऊन गाठायचं नाही आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग वाजवणंही चालत नाही. म्हणजे सगळी मदार कॉलवर, टर्कीसारखा आवाज काढायच्या साधनावर. बॉक्स कॉल (लाकडी पेटीचा) येतो मला, पण त्याला दोन्ही हात लागतात आणि पक्षी समोर आला की तेवढीही हालचाल त्याला दिसते, म्हणून तोंडातला डायफ्रॅम कॉल शिकायचाय, म्हणजे छोट्या फ्रेमवर ताणलेल्या पातळ रबराच्या पट्ट्या (रीड), फुंकलं की थरथरून वाजणाऱ्या, भोवती टाळूत बसणारी टेप. दुकानातले जे मिळतात ते माझ्या टाळूत नीट बसत नाहीत, कडेने हवा निसटते. आजोबांकडे कॉल दाबून बनवायचा जुना हातप्रेस आहे, अॅल्युमिनियमच्या फ्रेम आणि टेप मागवल्यात. आता अडलंय ते रबरावर. घरात लॅटेक्सचे ग्लोव्ह्ज आहेत, डेंटल डॅमची (दातांच्या कामात तोंडात लावतात त्या रबराची) शीट मिळू शकते, ऑनलाईन कॉलवाल्यांचं लॅटेक्स मिळतं त्यात पण चार जाड्या दिसतात. मला मादीचा साधा यल्प (तिची नेहमीची हाक) हवाय, शेवटाला जरा खरखर असलेला. काय घेऊ?

टूलरूम_भोसरी
विषय बघून फार बरं वाटलं! मी मिसूरीत, मूळ काम टूलरूमचं, कॉल गेली काही वर्षं स्वतःचे स्वतः करतो. पहिलं सांगतो, ग्लोव्ह विसरा. बोटाशी, तळव्याशी, मनगटाशी जाडी वेगवेगळी असते आणि रीडला एकसारखी जाडी हवी, एका बाजूला अर्धा थाऊ (१ थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त झाला तरी आवाज तिरका जातो. कॉलसाठीचं शीट लॅटेक्स घ्या, त्यात साधारण ३ थाऊ ते ५ थाऊ अशा जाड्या येतात (४ थाऊ म्हणजे ०.१० मिमी). ३ थाऊचं जे असतं त्याला इथे प्रोफ म्हणतात, सरळ सांगायचं तर कंडोमचं रबर. ते हलक्या फुंकरीला लगेच बोलतं, क्लक, पर असे टर्कीचे हळू आवाज, पिल्लांची की-की यासाठी छान, पण लवकर सैल पडतं आणि जोरात फुंकलं की गळपटतं. ४ थाऊ टिकाऊ, आवाज भरदार, त्याला हवा जास्त लागते. तुम्हाला खरखर हवी आहे तर खाली प्रोफच्या दोन रीड आणि वर ४ थाऊची एक, काप फक्त वरच्या रीडला. पण लगेच तीन रीडवर उडी नको. आधी दोन प्रोफ, काप न देता, त्याच्यावर दोन सुरांचा यल्प स्वच्छ यायला लागू दे, वरचा सूर आणि मग तुटून खालचा. तो आला की खरखर आपोआप कळते कुठून काढायची.

आणि जाडीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ताण, याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. मी रबरावर बॉलपेनने १० मिमी अंतरावर दोन टिंबं काढतो, जिगवर (रबर ताणून धरायच्या साच्यावर) आडवं ओढत जातो आणि टिंबांमधलं अंतर पट्टीने मोजतो. ११ झाले की एक कॉल दाबायचा, साडेअकराला दुसरा, १२ ला तिसरा, प्रत्येकाच्या टेपवर तो आकडा लिहायचा. वाजवून बघितलं की तुमच्या फुंकरीला कोणता ताण मानवतो ते कळतं आणि मग तोच आकडा धरून पुढचे सगळे करता येतात. ताण जास्त तसा सूर वर जातो. अंदाजाने ओढत बसलात तर चुकून एक अप्रतिम कॉल बनेल आणि तसाच दुसरा कधीच बनणार नाही. रीड एकमेकींवर तंतोतंत ठेवू नका, कडा थोड्या मागेपुढे, नाहीतर थुंकीने चिकटून बसतात.

दंतवैद्य_नाशिक
शिकारीतलं मला काही कळत नाही पण डेंटल डॅम माझ्या रोजच्या वापरातला म्हणून लिहितेय. त्याची सगळ्यात पातळ ग्रेड ०.१५ मिमी असते, मीडियम ०.२०, हेवी ०.२५. वर दादांनी ४ थाऊ म्हणजे ०.१० मिमी सांगितलंय, म्हणजे आमची थिन ग्रेडसुद्धा त्याच्या दीडपट. शिवाय डॅम फाटू नये म्हणूनच बनवलेला, थरथरायला नाही. पैसे घालवू नका.

दुसरं जास्त महत्त्वाचं. लॅटेक्सची अॅलर्जी आहे का ते आधी बघा. फुगा फुगवल्यावर किंवा ग्लोव्ह घातल्यावर ओठ, हात खाजले, सुजले असतील तर लॅटेक्स तोंडात अजिबात घालायचं नाही, घशाला सूज आली तर जीवावर बेतू शकतं. पॉलिआयसोप्रीनचं सिंथेटिक रबर आमच्याकडे लॅटेक्सच्या जागी वापरतात, त्याच्या पातळ शीट मिळाल्या तर बघा. आणि प्रोफसाठी कंडोम कापणार असाल तर बिनवंगणाचेच घ्या, स्पर्मिसाईडवाले नकोत. हवा निसटते त्याबद्दल: टाळूची रुंदी आणि कमान माणसागणिक वेगळी. वरच्या दाढांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा आणि टेप त्यापेक्षा किंचितच मोठी ठेवून कडेने थोडी थोडी कातरत बसवा. अॅल्युमिनियमचा एकही कोपरा टेपबाहेर नको, टाळूची त्वचा फार नाजूक असते.

लँकेस्टरकर
ताई, दादा, खूप आभार. अॅलर्जी नाहीये. कापाचं जरा समजावाल का, व्ही, घोस्ट, बॅटविंग, नावं ऐकून गोंधळ होतोय.

पाणवठा
मी न्यू जर्सीत, बंदूक नाही, फक्त फोटो काढतो. मध्ये एक सुचवू? तोंडातला कॉल शिकता शिकता ट्यूब कॉल करून बघा, औषधाची प्लास्टिकची बाटली घ्यायची, बूड कापायचं, झाकणाच्या वरच्या भागाचा अर्धा चंद्र कापून काढायचा आणि त्या अर्ध्यावर लॅटेक्स ताणून रबरबँडने बांधायचं, रबराची कड आणि झाकणाची कड यात बारीक फट ठेवायची. खालचा ओठ रबरावर टेकवून फुंकलं की बोलतं. याचा फायदा असा की रबर बदलायला मिनिट लागतं, त्यामुळे ३ थाऊ आणि ४ थाऊतला फरक लगेच कानाला कळतो, प्रेसवर फ्रेम वाया जात नाहीत. याला ग्लोव्हचा तुकडासुद्धा चालतो.

बाकी तुम्ही रानात झाडाला टेकून मादीचा आवाज काढणार आहात, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्यालाही तुम्ही टर्कीच वाटणार. लाल, पांढरं, निळं काही अंगावर नको, रुमाल, मोजेसुद्धा नाही, नराच्या डोक्याचे रंग तेच असतात. पाठीमागे खांद्यापेक्षा रुंद झाड बघूनच बसा.

रानमेवा_चंद्रपूर
हे आपल्याकडे मोरासाठी करता येईल का?

टूलरूम_भोसरी
@रानमेवा_चंद्रपूर नाही हो, १९७२च्या वन्यजीव कायद्याने मोर पूर्ण संरक्षित आहे, त्याला आवाज देऊन फसवून जवळ आणायचं मनातही आणू नका. इथे टर्कीचा सीझन, संख्या, टॅग (मारलेल्या पक्ष्याला लावायची चिठ्ठी) सगळं राज्य सरकार ठरवतं म्हणून ते चालतं.

@लँकेस्टरकर काप: व्ही म्हणजे वरच्या रीडच्या मधोमध व्हीच्या आकाराचा तुकडा काढायचा, खरखर आणि वरचा सूर दोन्ही मिळतात, शिकायला हाच धरा. घोस्टमध्ये मध्याजवळ दोन छोट्या चिरा, हवा कमी लागते, हळू आवाजाला चांगला. बॅटविंगला दोन्ही बाजूंना खाचा आणि मध्ये जीभ उरते, तो जास्त घोगरा, म्हाताऱ्या मादीसारखा. काप नखं कापायच्या बारीक वाकड्या कात्रीने एका दमात द्या, कड दातेरी राहिली की रबर तिथूनच फाटत जातं. आधी बारीक काप, वाजवा, मग वाढवा.

ही कल्पना जुनी आहे बरं का, न्यू ऑर्लिन्सच्या सॅम्युअल मॅक्लेन नावाच्या माणसाने १९२१ मध्ये तोंडातल्या डायफ्रॅम कॉलचं पेटंट घेतलं होतं. शंभर वर्षांत रबर सुधारलं, रचना जवळपास तीच.

लँकेस्टरकर
दोन प्रोफ, ताण ११, साडेअकरा आणि १२, असे तीन या वीकेंडला दाबतो. फुंकल्यावर नुसती शिट्टी किंवा गुदगुल्या झाल्यासारखी थरथर आली तर?

टूलरूम_भोसरी
गुदगुल्या सगळ्यांनाच होतात, कॉल तोंडात ठेवून गाडी धुवा, गवत कापा, जिभेला सवय होते. नुसती शिट्टी येते म्हणजे जीभ फार दाबली जातेय, थोडी सैल करून जबडा खाली सोडा, सूर तिथेच तुटतो. फुंकर गालातून नको, काच पुसताना पोटातून वाफ सोडतो तशी. फ्रेमची उघडी बाजू पुढच्या दातांकडे. दाबून झाल्यावर जास्तीचं रबर कातरताना फ्रेमला लागून कापू नका, जरा ठेवा, टेपखाली पकड राहते. आणि वापरून झालं की पाण्याने धुवा, दोन रीडमध्ये टूथपिकचा तुकडा सरकवून वाळवा, मग फ्रिजमध्ये. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलात तर उन्हाने लॅटेक्स दोन दिवसांत चिकट होतं, लोशनचे तेलकट हात लागले तरी तेच. शीटचा उरलेला तुकडाही अंधारात, बंद पिशवीत ठेवा.