तारीख नसलेला उसनवारीचा दावा: दारातच अडवावा की चालू द्यावा?

निपाणीकर: ओळखीतल्या शेतकऱ्यावर चार लाखांच्या वसुलीचा दावा पडलाय. वादपत्रात (वादीनं कोर्टात दिलेल्या लेखी दाव्यात) काय? ‘वेळोवेळी हातउसने दिले, मागूनही परत केले नाहीत.’ कधी दिले, रोख की चेकनं, काही नाही. रोखा (कर्जाची लेखी कबुली) जोडलेला नाही. माझं मत स्पष्ट आहे: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 7 नियम 11 खाली हे वादपत्र सुरुवातीलाच नामंजूर व्हायला हवं. नाहीतर ऐन तंबाखूच्या हंगामात तारखांचे हेलपाटे.

खानापूरवाला: घाई नको. नियम 11 मध्ये कोर्ट फक्त वादपत्र बघतं, प्रतिवादीचं म्हणणं नाही. तोंडी कर्ज बेकायदा नाही, आपल्याकडं निम्मा व्यवहार शब्दावरच चालतो. पक्षकार मराठीत सांगतो, वकील इंग्रजीत टाइप करून घेतो, पक्षकार खाली सही ठोकतो. वकिलाच्या आळसाची शिक्षा त्याला का? आदेश 6 नियम 17 खाली दुरुस्ती मागता येते की.

निपाणीकर: आळस कसला! परतीची तारीख ठरलेली नसेल तर उसन्या पैशासाठी दावा लावायची मुदत पैसे दिल्यापासून 3 वर्षं. खरी तारीख लिहिली तर दावाच बुडायचा, म्हणून ती गाळली. वर ‘नोटीस पाठवली त्या दिवशी दाव्यास कारण घडले’ असं ठोकून दिलंय. नोटिशीनं मुदत वाढत असती तर सावकारांची चैनच होती. कारण कधी घडलं ते लिहिणं आदेश 7 नियम 1 प्रमाणे सक्तीचं आहे. असल्या शब्दचलाखीनं उभा केलेला दावा सुरुवातीलाच खुडावा, असं सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी 1977 सालीच बजावलंय, तेही कर्नाटकातल्याच प्रकरणात.

ज्युनिअर वकील, चिकोडी: खुडला तरी वादी आदेश 7 नियम 13 खाली नवा दावा आणू शकतो, अर्थात मुदत उरली असेल तर. अपीलही आहेच. वादी बिनपरवाना सावकार असेल तर 1961 च्या कर्नाटक सावकारी कायद्याचा बचाव भक्कम, पण त्याला पुरावा लागतो, नियम 11 च्या अर्जात तो चालायचा नाही. आणि अर्ज दिला म्हणून कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) लांबवू नका. समन्स लागल्यापासून 30 दिवस, फार तर 90. इथंच पुष्कळजण अडकतात.

खानापूरवाला: समजा मुदतीच्या आत काही रक्कम फेडून शेतकऱ्यानं तशी सही दिली असेल तर? मुदत नव्यानं सुरू होते.

निपाणीकर: मग ते वादपत्रात लिहायला कुणी हात धरला होता?