गोव्याचं वेगळेपण पोर्तुगीजांची देणगी आहे का?

मांडवीकाठ

गेल्या आठवड्यात पणजीतल्या फोंतेन्यस या जुन्या वस्तीच्या गल्लीतून जात होतो. एक गाइड पंधरा-वीस पर्यटकांना सांगत होता, "गोवा म्हणजे भारतातला युरोप." मी पणजीत वाढलो. हे वाक्य लहानपणापासून ऐकतोय, पण त्या दिवशी डोक्यात तिडीक गेली म्हणून हा धागा.

"451 वर्षांची पोर्तुगीज राजवट" हा आकडाच दिशाभूल करणारा आहे. 1510 साली त्यांच्या हाती तिसवाडी आली, 1543 मध्ये बार्देस आणि सासष्टी. या झाल्या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेले प्रदेश. फोंडा त्यांना मिळालं 1763 मध्ये, पेडणे 1788 मध्ये. म्हणजे गोव्याच्या मोठ्या भागात त्यांचं राज्य दोनशे वर्षंही नव्हतं. पोर्तुगीज देवळं मोडू लागले तेव्हा मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला गेली, ती सगळी तेव्हा पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर असलेल्या मुलखात. देवांना आसरा देणारा तो मुलूखही गोवाच की! 1560 ते 1812 इथं इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याबद्दल शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, होतं, हे मात्र गाइड सांगत नाही. तो बलकांव (घरापुढची बैठकीची ओसरी) आणि फेणी दाखवतो.

आपलं वेगळेपण पोर्तुगीजांनी दिलं, असं आपण मान्य करत राहिलो तर मुक्तिलढा कशासाठी झाला? आणि त्याच देशाचे पासपोर्ट मिळवायला धावणाऱ्यांना काय म्हणायचं?

राय_सासष्टी

तुमचा राग गाइडवर आहे, पण तो येऊन आदळतो आमच्यावर. सासष्टीच्या कॅथलिक घरात जन्मलो की "हे अर्धे पोर्तुगीज" हे ऐकावंच लागतं.

1684 मध्ये व्हाइसरॉयनं हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावं. तो हुकूम हरला. कुणामुळे? चर्चला जाणाऱ्या, पण घरी कोंकणीच बोलणाऱ्या बायांमुळे. माझी आजी संध्याकाळची तेर्स (जपमाळेची प्रार्थना) कोंकणीत म्हणते, पुस्तक रोमी, म्हणजे रोमन लिपीतलं. आमच्याकडे लग्नाआधी नारळाचा रोस लावतात, नवरीला चुडा भरतात. हे लिस्बनहून आलं का? तेव्हा "देणगी" हा शब्द मलाही नको. पण मांडो हे गाणं, खुरीस (क्रूस), आमची आडनावं हे "परकं" आहे असं सुचवणार असाल तर तेही मला मान्य नाही. साडेचारशे वर्षं ज्या घरात जी गोष्ट नांदली, ती त्या घराची झाली.

पासपोर्टचं सांगतो. माझा चुलतभाऊ इंग्लंडमध्ये स्विंडनला गोदामात काम करतो. 19 डिसेंबर 1961 आधी जन्मलेल्या आजोबांच्या कागदावर त्याला पोर्तुगीज नागरिकत्व मिळालं आणि त्यापायी भारतीय नागरिकत्व गेलं. लिस्बन त्यानं पाहिलेलंही नाही. इथं घर चालेल असं काम मिळालं नाही म्हणून तो गेला. यात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचं प्रेम शोधू नका.

पेडण्याचा_मुलगा

दोघांच्याही लिहिण्यात देव, भाषा, आडनावं आली. जमीन कुठे आहे?

आमचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर होतं. आजोबा मुंडकार, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणारे. भाटकारानं बोलावलं की काम टाकून जायचं, आणि घराला नवी भिंत घालायची तर आधी त्याला विचारायचं. गावात सरकारी शाळा नव्हती, देवळात एक मास्तर मराठी मुळाक्षरं गिरवून घ्यायचे. आमच्यासाठी वसाहतीचा इतिहास हा आहे. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. आजोबांनी फुलावर शिक्का मारला. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगाव मराठी शाळा काढल्या, कूळ-मुंडकारांची बाजू घेतली, म्हणून.

1,72,191 विरुद्ध 1,38,170 असा निकाल लागला. आम्ही हरलो, तो मला मान्य आहे आणि आज मला विलीनीकरण नकोच. पण गोव्याच्या अस्मितेचा इतिहास सांगताना त्या 1,38,170 लोकांना "गोव्याचे शत्रू" म्हणतात तेव्हा फार लागतं. 15 ऑगस्ट 1955 ला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या ती पत्रादेवी आमच्याच तालुक्यात आहे.

वसईकर

मी गोव्याचा नाही, पण राहवत नाही. वसईतही पोर्तुगीज होते, 1534 पासून 1739 पर्यंत. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि ते गेले. आमची आडनावंही डिसोजा, परेरा. पण घरात सामवेदी बोली बोलतात, चर्चमध्ये उपासना मराठीत होते, आणि आम्हाला कुणी अर्धे पोर्तुगीज म्हणत नाही.

राजा तोच, धर्म तोच. मग फरक कशानं पडला? माझ्या मते पोर्तुगीज गेल्यावर काय झालं त्यानं. मुंबईतल्या आमच्याच नात्यातल्या कॅथलिकांनी 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला 50 वर्षं झाली तेव्हा, "ईस्ट इंडियन" हे नाव घेतलं. कारण? नोकरीसाठी आलेल्या गोवेकरांची आडनावं तीच, धर्म तोच, आणि इंग्रजाच्या दारात आपण वेगळे आहोत हे दाखवायचं होतं. म्हणजे एका साहेबाची आडनावं आणि दुसऱ्या साहेबासाठी घेतलेलं नाव!

गोव्यात भारताच्या स्वातंत्र्यानंतरही 14 वर्षं मध्ये सीमा राहिली. सालाझारनं 1951 मध्ये कागदावर वसाहतीचा "प्रांत" केला, नंतर भारताची नाकेबंदी आली. "गोवा वेगळा" ही जाणीव 1510 मध्ये गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कपेक्षा या 14 वर्षांनी जास्त घट्ट केली असावी, असं मला वाटतं.

फोंड्याची_सून

मी साताऱ्याची, लग्न होऊन फोंड्याला आले. सासऱ्यांनी जमिनीचा तुकडा विकायला काढला तेव्हा सासूबाईंच्या सहीशिवाय काम अडलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आधी कागद वाचून दाखवा." माझ्या माहेरी आत्याला शेत विकल्याचं शेजारणीकडून कळलं होतं. त्यामुळे तो प्रसंग मी विसरूच शकत नाही.

हा 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा. वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, निम्मी-निम्मी. तो गोवेकरांना विचारून केलेला नव्हता. हिंदूंसाठी 1880 मध्ये वेगळा हुकूम निघाला आणि मुलगा झाला नाही तर ठरावीक अटींवर नवऱ्याला दुसरं लग्न करता येईल अशी सोय ठेवली गेली. म्हणून मी त्याची आरती ओवाळणार नाही. पण सासूबाईंची ती सही मला पोर्तुगीजांची वाटत नाही, ती त्यांची स्वतःची आहे.

मांडवीकाठ

वसईकर, 1739 आणि 1961 ही तुलना मी कधी केलीच नव्हती. पण 14 वर्षांवर सगळा भार टाकणं पटत नाही. वसईवर आधी मराठ्यांचं, मग इंग्रजांचं राज्य आलं. पोर्तुगालमध्ये 1910 साली प्रजासत्ताक येईपर्यंत गोव्यात हिंदूंना बरोबरीचे हक्क नव्हते. तो दुरावा त्या 14 वर्षांच्या कितीतरी आधीचा.

राय, पासपोर्टबद्दल मी घाईनं लिहिलं. ते वाक्य मागे घेतो. मांडोला परका म्हणायचं माझ्या मनात नव्हतं, पण तसं वाचलं जाऊ शकतं हे आता दिसतंय. पेडण्याच्या मित्रा, जमीन माझ्या नजरेतून सुटली, कारण आमचं घर भाटकाराचं होतं. हे इथं कबूल करायला हवं.

राय_सासष्टी

कबुलीबद्दल आभार. मग एक करा. 1987 च्या राजभाषा कायद्यात कोंकणी म्हणजे फक्त देवनागरी कोंकणी. आजीच्या तेर्सच्या पुस्तकाची लिपी त्यात नाही. रोमीच्या मागणीवर तुमची सही द्या.

पेडण्याचा_मुलगा

मी देतो. पण मराठीलाही पूर्ण राजभाषेचा दर्जा हवा, त्यावर तुम्ही सही कराल?

राय_सासष्टी

मराठी सरकारी कामात वापरायची मुभा त्याच कायद्यात आहे. रोमीला तेवढीही नाही. आधी ती मिळू दे, मग बोलू.

पेडण्याचा_मुलगा

"मग बोलू" आम्ही 1967 पासून ऐकतोय.