मोर्चाने नक्की काय बदलतं? जीआर बघायचा की गाव?

खाडीकाठची (घणसोली)
एमएच्या प्रोजेक्टसाठी मी चार महिने उरण तालुक्यातल्या एका गावात राहिले, विषय होता नवी मुंबईसाठी सरकारने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठीचं 1984 चं शेतकरी आंदोलन. 16 आणि 17 जानेवारीचा पोलिसांचा गोळीबार, पाच हुतात्मे, आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील, मग 1990 ला साडेबारा टक्क्यांची योजना (गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के प्लॉट परत), हे आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ. पण मी ज्या आजींकडे राहायचे त्या यातलं काहीच बोलायच्या नाहीत, त्यांना आठवायचं ते आदल्या रात्रीचं, तांदळाच्या भाकऱ्या किती थापल्या, सुकट कोणाच्या घरातून आली, तान्हं पोर कोणाकडे ठेवलं. एकदा मासळी साफ करता करता म्हणाल्या, "त्याच्या आधी मी गावच्या मिटिंगला कधी बसली नव्हती, तेव्हापासून बसते." हे कुठल्या जीआरमधे सापडणार? लोकांच्यात राहून, त्यांच्यासोबत उठून-बसूनच आंदोलन कळतं असं माझं ठाम मत झालंय.

कोपरखैरणेकर
ताई राग मानू नका पण पटलं नाही. आमची जमीन गेलीय, आजोबांच्या नावाचा सातबारा अजून ट्रंकेत आहे. साडेबारा टक्क्यांचा प्लॉट हातात येईपर्यंत वडील गेले, मग वारसांची भांडणं, शेवटी बिल्डरला दिला. आजी मिटिंगला बसल्या, आनंद आहे, पण तिथं ठरलेलं वर कोणी ऐकलं का? बदल म्हणजे कायदा, सही आणि ताबा. बाहेरून येणाऱ्यांना भाकऱ्यांचं कौतुक वाटतं, आम्हाला जमीन हवी होती.

कळव्याचा
दादा, सहीचं म्हणताय म्हणून सांगतो. मार्च 2018 चा नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च ठाण्यातून गेला तेव्हा आम्ही पाणी वाटत होतो, एका मावशींच्या चपलेला सुतळी बांधलेली आणि टाचेतून रक्त, तरी थांबायला तयार नाहीत. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर, मुलांना ट्रॅफिकचा त्रास नको म्हणून ती माणसं रात्रीतच आझाद मैदानात गेली. 12 मार्चला सरकारने मागण्यांवर लेखी आश्वासन दिलं. मग 2023 ला परत नाशिकहून ठाणे जिल्ह्यातल्या वासिंदपर्यंत चालत का यावं लागलं?

कोपरखैरणेकर
अहो तेच तर म्हणतोय, कागद पाळला नाही म्हणूनच परत निघाले ना, म्हणजे भांडण कागदाचंच आहे.

खाडीकाठची (घणसोली)
बाहेरून येणाऱ्यांबद्दल बोललात ते लागलं, पण खरं आहे, मलाही गावात पहिला महिना कोणी नीट बोललं नव्हतं. जमिनीचं दुःख मी कमी लेखत नाहीये. पण परत निघायचं बळ कुठून येतं हा प्रश्न राहतोच ना? नवी मुंबईच्या विमानतळाला दि.बांचं नाव द्या म्हणून 10 जून 2021 ला मानवी साखळी झाली, त्या आजींची नात तिथं होती, गोळीबारानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली मुलगी. तिला कोणी जीआर वाचून दाखवला नव्हता, चुलीपाशी ऐकलेलं घेऊन ती गेली. आणि दादा, जमीन गेली, प्लॉटही गेला, तरी तो सातबारा ट्रंकेत का ठेवलाय?

कोपरखैरणेकर
आई टाकू देत नाही. दर दिवाळीला काढते, पुसते, परत ठेवते. तिला विचारायचं असेल तर या घरी, 84 च्या आंदोलनात ती पण फाट्यावर होती, मी कधी विचारलं नाही.