मदत हवी आहे: ओरिगामी भुंगेऱ्याचे मधले पाय फाटतायत

शिंगाडा_९: सीपीवरून (क्रीज पॅटर्न, म्हणजे उघड्या कागदावरचा घड्यांचा नकाशा) भुंगेरा करतेय. बेस (पाय-शिंग काढण्याआधीचा ढोबळ आकार) पडला, शिंग झालं, पुढचे पाय झाले. मधली जोडी बारीक करायला गेलं की बुडाशी कागद फाटतो. प्रत्येक वेळी तिथेच. कोणता कागद आणू? रविवारी मांडायचा आहे. व्हिडिओ नकोत, सगळे पाहून झालेत.

घडीवाला: आत्ता वापरताय तो कागद कोणता? चौकोन केवढा? ग्रिड कितीची, म्हणजे एका बाजूला घरं किती?

मावळतीचा_वारा: सीपी पडत नसेल तर माएकावाचा नियम लावून बघा. सपाट घडी हवी तर आतल्या प्रत्येक बिंदूपाशी डोंगरघड्या आणि दरीघड्या यांच्यात बरोबर 2 चा फरक यायला हवा. नसेल तर रेघ उलटी वाचली आहे.

शिंगाडा_९: बेस पडलाय हो, लिहिलंय वर. कागद साधाच, रंगीत.

घडीवाला: साधा म्हणजे घोटीव? पतंगाचा? क्राफ्ट?

शिंगाडा_९: घोटीव. 20 सेंमी. ग्रिड 40.

घडीवाला: म्हणजे एक घर 5 मिमीचं, आणि घोटीवचा चकचकीत थर घडीवर आधीच तडकतो. आता मधली जोडीच का, ते सांगतो. चौकोनाच्या कोपऱ्यातून पाय काढला तर पाव वर्तुळाएवढा कागद पुरतो, कडेवरून काढला तर अर्धं वर्तुळ, आणि आतून काढला तर पूर्ण वर्तुळ. पायाची लांबी ही त्या वर्तुळाची त्रिज्या. बॉक्स प्लीटिंगमध्ये, म्हणजे असं ग्रिडवर घड्या घालताना, वर्तुळाच्या जागी चौकोन येतात, पण हिशोब तोच. तुमचे मधले पाय आतून निघत असणार, म्हणून तिथे सगळ्यात जास्त थर साचतात. बोटं कितीही हलकी असली तरी या कागदाला तेवढे थर झेपायचे नाहीत. रॉबर्ट लँग मुळात भौतिकशास्त्रज्ञ. हा वर्तुळांचा हिशोब त्याने ट्रीमेकर या प्रोग्रॅममध्ये बसवला. किड्यांच्या ओरिगामीत मला सगळ्यात आवडतं ते हेच, की पाय कुठून काढायचा हे ठरवतानाच कागद कुठे रडवणार ते कळतं.

रानजाई: सोपं आहे. स्वयंपाकघरातली फॉइल, दोन्ही बाजूंनी पतंगाचा कागद, स्प्रे गमने चिकटवा. पाय जिथे वाकवाल तिथे राहतो. मी सगळे किडे असेच करते.

चिमटा: फॉइल नको. चुकून पडलेली घडीसुद्धा ती सोडत नाही, आणि तीच जागा पुन्हा पुन्हा मोडली की तुटते. दोन पातळ टिश्यू घ्या, काचेवर ठेवून सीएमसीच्या (पाण्यात कालवून खळ होते ती पावडर) खळीने एकमेकांना चिकटवा, वाळल्यावर सोला. सीएमसी पावडर केकचं सामान मिळतं त्या दुकानात मिळते.

रानजाई: पहिलाच मोठा किडा असेल तर टिश्यू सरकतो आणि ग्रिडच नीट पडत नाही. त्यांच्याकडे रविवारपर्यंतच वेळ आहे.

चिमटा: खळ लावलेला टिश्यू कडक होतो, सरकत नाही. एकदा करून बघा, मग बोलू.

जुनी_वही: बुडाशी छोटी चीर द्यावी, थर मोकळे होतात. 1797 च्या सेनबाझुरु ओरिकाता या जपानी ओरिगामीच्या पुस्तकामध्येही कागद कापूनच एकमेकांना जोडलेले करकोचे केलेत.

घडीवाला: तिथे ते शोभतं. भुंगेरा न कापता एका चौकोनातून निघतो, त्यासाठीच तर ही सगळी भूमिती. चीर देऊ नका.

खडकमाशी: मी कीटकांवर काम करते म्हणून एक सांगते. सहाही पाय छातीतून निघाले पाहिजेत. बऱ्याच मॉडेलांत मागची जोडी पोटाला लागलेली दिसते, ते बघवत नाही. आणि जमलं तर पाठीवरच्या टणक पंखांखालून मागच्या पातळ पंखाची कड दाखवा. लेडीबर्ड तो पंख घडी घालूनच आत ठेवते.

मावळतीचा_वारा: घडीवरून आठवलं, मिउरा घडी (एका ओढीत अख्खा कागद उघडतो ती) बघितली आहे का? 1995 च्या जपानी स्पेस फ्लायर युनिट या अवकाशयानावर त्या घडीचा सौरपट्टा होता. मुलांना शिकवायला फार छान.

शिंगाडा_९: मुलांना नाही शिकवायचं, मला पाय करायचेत. टिश्यू केवढा घेऊ?

चिमटा: 40 सेंमीचा चौकोन, म्हणजे एक घर 1 सेंमीचं होईल. पाय बारीक करताना बुडाला ओल्या ब्रशने खळ लावा, थोडं थांबा, मग चिमट्याने दाबा. शेवटी थर्माकोलवर टाचण्यांनी पाय अडकवून रात्रभर वाळू द्या.

रानजाई: आणि हाताशी एक फॉइलचा चौकोन ठेवा.

शिंगाडा_९: केकवाल्याकडे सीएमसी मिळाली. टिश्यू गुलाबीच आहे, काळा नाही. चालेल?

खडकमाशी: गुलाबी भुंगेरा?

चिमटा: खळीत काळी शाई घाला, चिकटवतानाच रंग बसेल. आधी तुकड्यावर बघा.