उबुंटू २२.०४ : दुसऱ्या डिस्कवरील पाने फायरफॉक्समध्ये उघडत नाहीत आणि डेब पॅकेज मागितले तरी स्नॅपच येते

प्रश्न – गिरगावचा ग्रंथसेवक

सप्रेम नमस्कार. गिरगावातील एका जुन्या मोफत वाचनालयात मी संध्याकाळी स्वयंसेवक म्हणून बसतो. तेथील ग्रंथसूची आम्ही गेली कित्येक वर्षे साध्या एचटीएमएल पानांत ठेवत आलो आहोत आणि प्रत्येक पानावर मुखपृष्ठांची लहान छायाचित्रे आहेत. हे सगळे लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या दुसऱ्या हार्ड डिस्कवर आहे व ती डिस्क थेट रूटखाली (फाइलव्यवस्थेच्या मुळाशी) ‘ग्रंथ’ या नावाने माउंट होते, म्हणजे जोडली जाते.

संगणकावर उबुंटू २०.०४ होते तोवर पानावर दोनदा क्लिक केले की सूची फायरफॉक्समध्ये उघडत असे. २२.०४ वर अपग्रेड केल्यापासून मात्र ‘फाइल सापडली नाही’ एवढाच संदेश येतो. तीच फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये बिनतक्रार उघडते, परवानग्याही मी तपासल्या. होम फोल्डरमध्ये सिमलिंक (मूळ जागेकडे नेणारा दुवा) करून पाहिली, तरी तोच संदेश. कंट्रोल आणि ओ दाबून फाइल निवडली, तर पान उघडते, पण त्यावर एकही छायाचित्र दिसत नाही.

ॲप्ट या प्रोग्रॅम बसवण्याच्या साधनाने फायरफॉक्स पूर्ण काढून दोनदा पुन्हा बसवले. नंतर एका परिचितांच्या सांगण्यावरून फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची स्वतःची ॲप्ट रिपॉझिटरी (पॅकेजेसचा ऑनलाइन साठा) जोडली. ॲप्ट अपडेट करताना एकही त्रुटी आली नाही, आणि तरीही इन्स्टॉल केल्यावर स्नॅपच (उबुंटूचे बंदिस्त स्वरूपाचे पॅकेज) आले. माझ्यानंतर या खुर्चीवर दुसरे कोणी बसेल, म्हणून उपायाबरोबर कारणही समजावून सांगावे, ही विनंती.

उत्तर – ठाणेकर

आपला फायरफॉक्स बिघडलेला नाही, तो आता वेगळ्या वेष्टनात आला आहे. २२.०४ पासून उबुंटूच्या रिपॉझिटरीतील ‘फायरफॉक्स’ हे डेब पॅकेज (ॲप्टने बसणारे नेहमीचे पॅकेज) म्हणजे नुसते टरफल आहे. ते बसवले की ते स्नॅप आणून बसवते. आपण ॲप्टने काढलेत ते हे टरफल. आतले स्नॅप जागच्या जागी राहिले. टर्मिनलमध्ये ‘स्नॅप लिस्ट’ ही कमांड दिलीत, तर ते दिसेल.

स्नॅपमधील प्रोग्रॅमला आपल्या संगणकाची फाइलव्यवस्था जशीच्या तशी दिसत नाही. त्याचे रूट निराळे असते आणि त्यात होम, मीडिया, एमएनटी असे मोजकेच फोल्डर बाहेरून आणून जोडलेले असतात. आपला ‘ग्रंथ’ फोल्डर त्या रूटमध्ये अस्तित्वातच नाही, त्यामुळे ‘परवानगी नाही’ असे न म्हणता ब्राउझर ‘सापडली नाही’ म्हणतो, आणि ते त्याच्या बाजूने खरेच असते. सिमलिंकही त्यामुळेच फसली, कारण ती ज्या ठिकाणाकडे बोट दाखवते ते ठिकाण आत नाही.

कंट्रोल-ओ ने पान का उघडते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. फाइल निवडण्याची ती खिडकी ब्राउझरची नसून डेस्कटॉपच्या ‘पोर्टल’ सेवेची असते. आपण स्वतः निवडलेली तेवढी एक फाइल पोर्टल ब्राउझरच्या हाती देते, शेजारच्या छायाचित्रांच्या फाइली देत नाही. पान उघडल्यावर पत्त्याच्या पट्टीत ‘ग्रंथ’ऐवजी ‘रन’ने सुरू होणारा लांबलचक मार्ग दिसत असेल, तर निदान बरोबर आहे असे समजावे.

स्नॅपचे हे कुंपण मला अडचणीपेक्षा सोय वाटते, विशेषतः अनेक जण एकच संगणक वापरत असतील तेव्हा. म्हणून एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कोठे माउंट करायची ते लिहिलेल्या फाइलमध्ये) डिस्कचे ठिकाण बदलून ती एमएनटीखाली माउंट करावी, असे मी सुचवेन. त्यानंतर ‘स्नॅप कनेक्शन्स फायरफॉक्स’ ही कमांड देऊन ‘रिमूव्हेबल-मीडिया’ ही जोडणी (मीडिया व एमएनटी वाचण्याची मुभा) चालू आहे ना ते पाहावे, आणि नसल्यास ‘स्नॅप कनेक्ट’ने ती जोडावी.

उत्तर – विलेपार्ल्याहून

वरील निदानाशी मी पूर्ण सहमत आहे. राहिला प्रश्न मोझिलाची रिपॉझिटरी जोडूनही स्नॅप का आले, याचा.

ॲप्ट सर्वसाधारणपणे मोठ्या क्रमांकाची आवृत्ती निवडते. उबुंटूच्या त्या टरफलाचा आवृत्ती क्रमांक ‘१’ आणि त्यापुढे विसर्गासारखे चिन्ह, असा सुरू होतो. चिन्हाआधीच्या या आकड्याला ‘इपॉक’ म्हणतात व तुलना करताना तो सर्वांत आधी पाहिला जातो. मोझिलाच्या पॅकेजला इपॉक नाही, म्हणजे तो शून्य धरला जातो. साहजिकच मोझिलाची आवृत्ती १२२ असो वा त्याहून कितीही पुढची, ॲप्टच्या हिशेबात ती टरफलापेक्षा जुनीच ठरते. ‘ॲप्ट पॉलिसी फायरफॉक्स’ ही कमांड दिली की दोन्ही क्रमांक एकाखाली एक दिसतात.

यावर उपाय पिनिंगचा, म्हणजे कोणत्या रिपॉझिटरीला प्राधान्य द्यायचे ते ॲप्टला सांगण्याचा. ‘ईटीसी’मधील ॲप्टच्या फोल्डरात ‘प्रेफरन्सेस डॉट डी’ आहे, तेथे तीन ओळींची फाइल ठेवावी : पॅकेजसाठी तारांकन, पिनसाठी मोझिलाच्या रिपॉझिटरीचा ओरिजिन (तिचा पत्ता) आणि प्राधान्य १०००. हा आकडा उगाच निवडलेला नाही. १००० किंवा त्याहून अधिक प्राधान्य असेल तरच ॲप्ट ‘जुन्या’ आवृत्तीकडे वळायला तयार होते. ९९० देऊन काम होणार नाही.

एक कळकळीची सूचना. स्नॅप काढण्याआधी प्रोफाइलची (बुकमार्क, सेटिंग्ज वगैरे असलेल्या फोल्डरची) प्रत घ्यावी. स्नॅपचे प्रोफाइल होममधील ‘स्नॅप’ फोल्डरात असते, तर डेबचे होममधीलच लपलेल्या ‘मोझिला’ फोल्डरात. या दुसऱ्या ठिकाणी आपले २०.०४ च्या काळातील प्रोफाइल अजून पडून असेल आणि नवा फायरफॉक्स ते उघडू शकेल. तेव्हा बुकमार्क हरवले असे वाटते, प्रत्यक्षात आपण अपग्रेडच्या दिवसाचे बुकमार्क पाहत असतो. आत्ताच्या प्रोफाइलची प्रत तेथे नेऊन ‘अबाउट:प्रोफाइल्स’ या पानावरून ते निवडावे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पत्त्याच्या पट्टीत ‘रन’च निघाले. प्रथम ठाणेकरांच्या सल्ल्याप्रमाणे डिस्क एमएनटीखाली नेली. नवी पाने छायाचित्रांसह उघडली, परंतु अगदी सुरुवातीच्या पानांत छायाचित्रांचे मार्ग रूटपासून पूर्ण लिहिलेले निघाले, ते सगळे तुटले. ही पाने आमच्या एका दिवंगत ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हाताने लिहिलेली आहेत आणि ती घाईने बदलायला माझे मन धजावले नाही. म्हणून डिस्क पूर्वीच्या जागी आणली, पिनची फाइल केली, प्रोफाइलची प्रत घेतली आणि मगच स्नॅप काढले. आता सगळी पाने पूर्वीसारखी उघडतात. एफएसटॅबमधील नोंद आणि पिनच्या तीन ओळी कारणासह कागदावर लिहून संगणकाच्या टेबलाच्या खणात ठेवल्या आहेत.

एकच गोष्ट राहिली. ब्राउझरचे मेनू मराठीत होते, ते इंग्रजीत आले आहेत. आमच्याकडील दोघी स्वयंसेविकांना मराठी मेनूच सोयीचे पडतात.

उत्तर – विलेपार्ल्याहून

स्नॅपमध्ये भाषांचे संच आतच असतात, मोझिलाच्या रिपॉझिटरीत मात्र प्रत्येक भाषेचे पॅकेज वेगळे असते. ‘फायरफॉक्स’, ‘एल१०एन’ आणि मराठीचा ‘एमआर’ हे तिन्ही आडव्या रेघेने जोडले की त्या पॅकेजचे नाव तयार होते. ते बसवून फायरफॉक्स बंद करून पुन्हा उघडावा. तरीही मेनू इंग्रजीत राहिले, तर सेटिंग्जमधील भाषेच्या भागात मराठी निवडावी.