मदत हवी आहे: इंटरनेट न वापरता, मोडेम ते मोडेम व्हिडिओ कॉल जुळत नाही

प्रयोगशाळा_पुणे:
नमस्कार. आमच्या महाविद्यालयाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातर्फे पुढच्या आठवड्यात संपर्कसाधनांच्या इतिहासावर प्रदर्शन भरत आहे. इंटरनेट मध्ये न आणता एका संगणकाने दुसऱ्याला टेलिफोनवरून थेट डायल करायचे आणि त्याच जोडणीवर नेटमीटिंग या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या चित्रसंवाद कार्यक्रमातून चित्र व आवाज पाठवायचा, असे प्रात्यक्षिक त्यात ठेवायचे ठरले आहे. दोन्ही संगणक, कॅमेरे आणि मोडेम चालू स्थितीत आहेत. प्रत्येक वस्तू सुटी तपासून पाहिली आहे. डायल केल्यावर पलीकडे घंटी वाजते, मोडेम फोन उचलतो, तो परिचित किरकिराट बराच वेळ चालतो आणि मग जोडणी तुटल्याचा संदेश येतो. दर वेळी हेच घडते. मोडेम ५६के, म्हणजे सेकंदाला ५६ किलोबिट वेगाचे, असूनही असे का व्हावे? वेळ कमी आहे, त्यामुळे नेमका उपाय सांगावा आणि कृपया व्हॉट्सअ‍ॅप सुचवू नये.

जुनी_कळ:
आपण बरेच लिहिले आहे, पण उपयोगाचे फारसे कळवलेले नाही. विंडोजची कोणती आवृत्ती आहे? मोडेम आतला कार्डाचा आहे की बाहेर ठेवायचा? पलीकडच्या संगणकावर फोन कोण उचलतो, विंडोजचा डायल-अप सर्व्हर की दुसरे काही? एवढे कळल्याशिवाय कोणीही सांगितलेला उपाय हा अंधारात मारलेला तीर ठरेल.

बोरिवलीकर:
प्रदर्शनाला येणारे विद्यार्थी तार कापून आत काय वाहते ते पाहणार नाहीत. दोन्ही संगणकांना लॅन कार्डे बसवा, मध्ये वेग ३३.६ किलोबिटांवर रोखणारा एखादा जुना संगणक ठेवा आणि मोडेमचा आवाज ध्वनिफितीवरून ऐकवा. चित्र तितकेच अडखळेल आणि प्रात्यक्षिक ऐन वेळी फसणार नाही. आमच्या कार्यालयात मंद जोडणी दाखवायची असते तेव्हा आम्ही असेच करतो.

मृण्मयी_नाशिक:
बोरिवलीकर, इतिहासाच्या प्रदर्शनात बनावट वस्तू ठेवण्याचा सल्ला निदान उघडपणे तरी देऊ नये.

मूळ प्रश्नातील एक गैरसमज आधी दूर करते. ५६के हा आकडा दोन घरगुती मोडेमांमध्ये कधीच मिळत नाही. १९९८ मध्ये आलेल्या व्ही.९० मानकात तो वेग फक्त एका दिशेने मिळतो आणि त्यासाठी एक टोक, म्हणजे इंटरनेट सेवा देणाऱ्याचे टोक, टेलिफोन जाळ्याला डिजिटल पद्धतीने जोडलेले असावे लागते. दोन्ही टोकांना साधे मोडेम असतील तर ते व्ही.३४ या आधीच्या मानकावर उतरतात आणि कमाल ३३.६ किलोबिट प्रतिसेकंद एवढाच वेग मिळतो. जोडणी तुटण्याचे कारण मात्र वेगळे असणार.

प्रयोगशाळा_पुणे:
दोन्हीकडे विंडोज ९८ आहे, हे नेटमीटिंगच्या उल्लेखावरून लक्षात येईल असे वाटले होते. मोडेम बाहेरचे, सिरियल पोर्टाचे आहेत. पलीकडे डायल-अप सर्व्हरच फोन उचलतो. लाइन नेहमीची आहे. दोन्ही दालनांत महाविद्यालयाचे फोन आहेतच. मला ५६के नकोच आहे, जोडणी हवी आहे.

दूरध्वनी_निवृत्त:
नेटमीटिंग विंडोज एक्सपीतही होते, तेव्हा त्यावरून विंडोज ९८ ओळखता येत नाही. ते असो. "नेहमीची लाइन" म्हणजे दालनापर्यंत तांब्याची जोडी थेट एक्स्चेंजमधून येते, की भिंतीवर फायबरची पेटी आहे आणि फोन त्या पेटीला जोडलेला आहे?

प्रयोगशाळा_पुणे:
फायबरची पेटी आहे. त्याचा इथे काय संबंध? फोनवर आवाज पूर्वीपेक्षा अधिक स्वच्छ येतो.

दूरध्वनी_निवृत्त:
संबंध तिथेच आहे. तांब्याच्या जोडीवरून आपला आवाज एक्स्चेंजपर्यंत अखंड जात असे, पुढे तो ६४ किलोबिटांच्या ठरावीक गतीने डिजिटल होई आणि त्याच अखंड गतीने पलीकडे पोहोचत असे. फायबरच्या पेटीत आवाजाचे सुटे तुकडे, म्हणजे पाकिटे, होतात. ती मागेपुढे पोहोचतात, म्हणून पलीकडचे यंत्र त्यांना थोडे थोपवून धरते आणि हे थोपवणे गरजेप्रमाणे कमी-जास्त होत राहते. मध्येच काही मिलिसेकंद वाढले किंवा गळले तरी माणसाच्या कानाला ते जाणवत नाही, पण व्ही.३४ मोडेमचे ताळतंत्र तेवढ्यानेच सुटते. शिवाय वाटेत आवाज आवळणारे कोडेक असेल तर ते माणसाचे बोलणे समजण्यापुरतेच काय ते राखते. मोडेमची माहिती ज्या सूक्ष्म फरकांत भरलेली असते, ते त्याच्या दृष्टीने टाकाऊ असतात. प्रतिध्वनी दाबणारी यंत्रणा हा आणखी एक अडथळा. उत्तर देणारा मोडेम सुरुवातीला २१०० हर्ट्‌झचा जो लांब सूर काढतो, त्यात दर ४५० मिलिसेकंदांनी कला (फेज) उलटवलेली असते, आणि ती ऐकून जुन्या जाळ्यातील प्रतिध्वनिरोधक बाजूला होत असत. आजच्या पेट्या तो संकेत पाळतीलच असे नाही.

महाविद्यालयात एखादा जुना इंटरकॉम, म्हणजे लहान ई-पीएबीएक्स, पडून असेल तर तो शोधा. त्याच्या दोन एक्स्टेन्शनांवर दोन मोडेम लावा. बाहेरची लाइन त्याला लावूच नका.

अनिवासी_पुणेकर:
इकडे न्यू जर्सीत मी जुने मोडेम इंटरनेट टेलिफोनच्या अडॅप्टरवर चालवतो, त्यामुळे काका म्हणतात तितकी परिस्थिती निराशाजनक नाही. कोडेक जी.७११, म्हणजे ६४ किलोबिटांचे, ठेवायचे, शांततेत पाकिटे थांबवण्याची सोय बंद करायची, प्रतिध्वनिरोधन बंद करायचे आणि थोपवण्याचा काळ स्थिर ठेवायचा. एवढे केल्यावर माझी जोडणी टिकते. इतिहासाचे प्रदर्शन आहे म्हणून सांगतो, की साध्या टेलिफोन लाइनवरचा रंगीत चित्रसंवाद नेटमीटिंगच्याही आधी बाजारात आला होता. एटी अँड टीने १९९२ मध्ये व्हिडिओफोन २५०० हे यंत्र सुमारे १,५०० डॉलरला विकायला काढले होते. ते चालले नाही. त्याचा एक फलक तुम्ही अवश्य लावावा.

दूरध्वनी_निवृत्त:
आपला अडॅप्टर आपल्या मालकीचा आहे. महाविद्यालयातील पेटीच्या त्या सर्व कळा कंपनीच्या हाती आहेत, आणि पुढच्या आठवड्याच्या आत त्या कोणी बदलून देईल असे मला माझ्या नोकरीच्या अनुभवावरून वाटत नाही.

बोरिवलीकर:
इंटरकॉम तरी कशाला? दोन मोडेम एका टेलिफोनच्या वायरीने थेट एकमेकांना जोडा. एका बाजूच्या मोडेमला एटीएक्स३डी हा आदेश द्या, दुसऱ्या बाजूला एटीए (फोन उचल). मी हे केले आहे.

जुनी_कळ:
तुमचे मोडेम टर्मिनलच्या खिडकीतून हाताने जुळवले असतील, आणि तिथे ते जुळतातही. इथे पलीकडे विंडोजचा डायल-अप सर्व्हर बसला आहे आणि तो घंटी वाजल्याशिवाय फोन उचलत नाही. नुसत्या वायरीवर घंटीचा प्रवाह कोण देणार? त्यातून काही मोडेम लाइनवर ४८ व्होल्टचा दाब नसेल तर हलतच नाहीत. इंटरकॉम हा दाबही देतो आणि घंटीही देतो, म्हणून काकांचा उपाय योग्य आहे.

बोरिवलीकर:
लाइनवर बॅटरी लावता येते.

जुनी_कळ:
बॅटरीने दाब मिळेल, घंटी मिळणार नाही. कृपया प्रश्न पुन्हा वाचावा.

प्रयोगशाळा_पुणे:
वसतिगृहाच्या कार्यालयातून इंटरकॉम मिळाला. त्यावर साधे फोन लावले तर एकमेकांना लागतात, पण मोडेम डायलच करत नाही. डायल टोन नसल्याचा संदेश येतो. टोन मला स्वतःला ऐकू येतो आहे.

दूरध्वनी_निवृत्त:
इंटरकॉमचा टोन सार्वजनिक एक्स्चेंजच्या टोनपेक्षा वेगळा असतो आणि मोडेमला तो ओळखता येत नाही. मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये डायल टोनची वाट पाहण्याची जी खूण आहे ती काढा, किंवा जादा आदेशांच्या चौकटीत एक्स३ लिहा. दोन्हींचा परिणाम सारखाच होतो.

प्रयोगशाळा_पुणे:
जोडणी झाली. वेग ३१,२०० दाखवतो आणि ती टिकून आहे. आता नेटमीटिंग पलीकडचा संगणक सापडत नाही असे म्हणते. नाव टाकून पाहिले, इंटरकॉमचा क्रमांक टाकून पाहिला.

मृण्मयी_नाशिक:
नेटमीटिंगला टेलिफोनचा क्रमांक कळत नाही. डायल करण्याचे काम आधीच झालेले आहे आणि आता दोन्ही संगणक एका लहानशा आयपी जाळ्यात आहेत. कॉल करताना पलीकडचा आयपी पत्ता द्यायचा. विंडोज ९८ चा डायल-अप सर्व्हर स्वतःला १९२.१६८.५५.१ हा पत्ता घेतो. दोन्हीकडे विनआयपीसीएफजी चालवून पीपीपी (डायल-अप जोडणीचा) अडॅप्टर निवडलात तर त्या त्या संगणकाचा पत्ता दिसेल. आधी पिंग करून, म्हणजे त्या पत्त्यावरून उत्तर येते का ते, पाहा. पिंगला उत्तर नसेल तर सर्व्हर टाइपच्या खिडकीत टीसीपी/आयपीची खूण आहे का ते तपासा. डिरेक्टरी सर्व्हरवर लॉग ऑन करण्याची खूण काढून टाका, कारण ते सर्व्हर कधीच बंद झाले आहेत. कॉलेजच्या लॅनची तार संगणकांना लावलेली असेल तर तीही काढा.

जोडणीचा प्रकार "२८८०० किंवा अधिक वेगाचा मोडेम" असाच निवडा. लॅन निवडल्यास नेटमीटिंग पेलवणार नाही इतके पाठवायला लागते. मोडेमचे आणि डायल-अपचे डेटा कॉम्प्रेशनही बंद करा. चित्र आणि आवाज आधीच आवळलेले असल्यामुळे त्यातून काही मिळत नाही.

जुनी_कळ:
कॉम्प्रेशनबरोबर मोडेमची चूक-दुरुस्तीही बंद करावी असे माझे मत आहे. एक तुकडा बिघडला की ही दुरुस्ती, म्हणजे व्ही.४२, तो पुन्हा मागवते आणि तोवर मागचे सगळे रांगेत थांबते. व्हिडिओ कॉलमध्ये उशिरा आलेल्या आवाजापेक्षा गळलेला आवाज बरा.

अनिवासी_पुणेकर:
याला माझा विरोध आहे. दुरुस्ती बंद असताना एक बिट जरी बिघडला तरी पीपीपी अख्खे पाकीट टाकून देते, आणि चित्र आवळणाऱ्या एच.२६३ मध्ये एक तुकडा गेला की चित्रावरचे डाग बराच वेळ पुसले जात नाहीत. इंटरकॉमची लाइन पन्नास-शंभर मीटरची, स्वच्छ आहे. तिथे चुका होणारच कमी. दुरुस्ती चालू राहू द्यावी.

जुनी_कळ:
चुका होणारच कमी असतील, तर दुरुस्ती चालू ठेवल्याने मिळते तरी काय? असो, दोन्ही करून पाहणे पाच मिनिटांचे काम आहे.

प्रयोगशाळा_पुणे:
चित्र आले! पण चेहरा हलला की चौकोन पडतात आणि काही क्षण चित्र गोठते. आवाज एका वेळी एकाच बाजूचा ऐकू येतो. हे सुधारता येईल का?

जुनी_कळ:
चित्राचा हिशेब मांडून दाखवतो, म्हणजे अपेक्षा किती ठेवायची ते कळेल. मला विचाराल तर हाच हिशेब फलकावर लावावा. नेटमीटिंगचे मध्यम चित्र १७६ गुणिले १४४ बिंदूंचे असते. सेकंदाला दहा चित्रे न आवळता पाठवायची तर सुमारे ३,००० किलोबिट लागतील, आणि तुमच्याजवळ ३१ आहेत. त्यातही आवाजाचा वाटा आधी जातो. जी.७२३.१ कोडेक ३० मिलिसेकंदांचा आवाज २४ बाइटांत बसवते, म्हणजे फक्त ६.३ किलोबिट; पण प्रत्येक तुकडा स्वतंत्र पाकिटात घातला तर त्यावर आयपी, यूडीपी आणि आरटीपी यांचे मिळून ४० बाइटांचे पत्ते चिकटतात आणि तोच आवाज १७ किलोबिटांवर जातो. मालापेक्षा वेष्टन जड आहे. चित्राच्या वाट्याला एका दिशेने १३-१४ किलोबिट उरतात.

खरे तर साध्या मोडेमवर थेट चित्रसंवाद करण्यासाठी एच.३२४ हे वेगळे मानक होते. त्यात आयपी नव्हतेच, त्यामुळे पाकिटांवरचा हा खर्चही नव्हता. पुढे ३जी मोबाइलवरचे व्हिडिओ कॉल त्याच्याच सुधारित रूपावर चालले. नेटमीटिंग मात्र पाकिटांच्या जाळ्यासाठी केलेले एच.३२३ वापरते, म्हणून हा खर्च टळत नाही.

चित्राचा आकार लहान ठेवा, म्हणजे १२८ गुणिले ९६, आणि सरकपट्टी वेगवान चित्राच्या बाजूला न्या. एच.२६३ मुख्यतः बदललेला भागच पाठवते, त्यामुळे कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्याच्या मागे एकरंगी भिंत असावी आणि फिरणारा पंखा चौकटीत अजिबात येऊ नये. पंख्याची पाती सगळे १३ किलोबिट खाऊन टाकतात.

मृण्मयी_नाशिक:
आवाज एका वेळी एकाच बाजूचा येतो हे ध्वनिकार्डाचे लक्षण आहे. ऑडिओच्या पर्यायांत फुल डुप्लेक्सची खूण असते. ती फिकट दिसत असेल तर कार्डाचा ड्रायव्हर एकाच वेळी ऐकणे आणि बोलणे करू देत नाही. ड्रायव्हर नवा घालून पाहा, नाहीतर कार्ड बदला. दोन्हीकडे हेडफोन लावा, म्हणजे स्पीकरचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरणार नाही.

बोरिवलीकर:
कार्ड बदलण्यापेक्षा आवाज सरळ इंटरकॉमच्या तिसऱ्या आणि चौथ्या एक्स्टेन्शनवर साध्या फोनने द्या. सगळे ३१ किलोबिट चित्राला मिळतील.

जुनी_कळ:
ही सूचना मात्र चांगली आहे. एकाच लाइनवर दोन्ही जाते हे दाखवून झाल्यावर, आवाज बाहेर काढला तर चित्र किती सुधारते, हेही प्रेक्षकांना शेजारी दाखवता येईल.

प्रयोगशाळा_पुणे:
एका संगणकावर ती खूण फिकट आहे, दुसऱ्यावर नाही. ड्रायव्हर शोधतो आहे. कार्डावर कंपनीचे नाव नाही, फक्त चिपवर ईएसएस १८६८ असे छापलेले आहे. विंडोज ९८ साठीचा ड्रायव्हर कोणाकडे आहे का? शनिवारपर्यंत हवा आहे.