‘बर्फ वितळला तर तळाचं भलंच होतं’ म्हणणाऱ्यांना

मखमलाबादकर
काल आपल्या फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर एक पोस्ट आली. मथितार्थ असा : ध्रुवांवरचा समुद्री बर्फ घटला की तळापर्यंत ऊन पोचतं, तिथले जीव फोफावतात, कार्बन अंगात घेतात आणि मेल्यावर गाळात गाडून टाकतात. म्हणजे निसर्ग आपला हिशोब आपणच जुळवतो, उगाच छाती बडवू नका. खाली अंगठ्यांची ही रांग. डोकंच फिरलं.

खोटं असतं तर सोडून दिलं असतं. अर्धं खरं आहे म्हणून लिहितोय. पश्चिम अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगत ब्रायोझोआंनी (तळाला चिकटून वसाहत करून राहणारे चिमुकले प्राणी) साठवलेला कार्बन दोनेक दशकांत जवळजवळ दुप्पट झाला, हे सागरी जीवशास्त्रज्ञ डेव्हिड बार्न्स यांनी 2015 मध्ये मांडलं, आणि कारण समुद्री बर्फाची घट हेच दिलं. अंटार्क्टिकातला लार्सन ए हा समुद्रावर तरंगणारा हिमपट्टा 1995 मध्ये कोसळल्यावर तिथल्या तळावरचे काचस्पंज (काचेसारख्या सांगाड्याचे, तळाला चिकटलेले प्राणी) 2007 ते 2011 या काळात वजनाने दुप्पट आणि संख्येने तिप्पट झाले. इथवर कबूल.

पुढचं कोण सांगणार? अंटार्क्टिकातल्या रोथेरा या ब्रिटिश संशोधन स्टेशनजवळ हिवाळ्यात समुद्र गोठला की हिमनग जागच्या जागी अडकून पडायचे. आता गोठलेले दिवस कमी झाले, हिमनग मोकाट सुटले आणि वाऱ्याबरोबर उथळ तळ नांगरत फिरतात. नांगर गेला तिथे जवळपास सगळं सपाट. कार्बन साठवायचा ज्यांनी, तेच चिरडले.

आणि ते ऊन! अंटार्क्टिकातल्याच केसी या ऑस्ट्रेलियन स्टेशनजवळच्या समुद्रतळाच्या खडकांवर स्पंज, ॲसिडियन (पिशवीसारखे, पाणी गाळून खाणारे प्राणी) वगैरे मंडळी बर्फाखालच्या अंधारात सुखाने नांदतात. तिथला सूर्य डिसेंबरात सगळ्यात वर असतो. बर्फ नेमका त्या सुमारास थोडा लवकर फुटला तरी तळाला मिळणारं वर्षाचं ऊन कैक पटींनी वाढतं, शेवाळ खडक बळकावतं आणि जुन्या रहिवाशांना हुसकावतं. फोफावलं ते शेवाळ. त्यावर अंगठे कसले दाखवता?

पाथर्डी फाटा
मूळ पोस्ट माझी, त्यामुळे नाव न घेता टोमणे मारायची गरज नव्हती. मी भल्याची बाजू सांगितली, कारण ती कुणीच सांगत नाही. रोज उठून प्रलय, रोज उठून विनाश. तुमच्याच आकड्यांत दुप्पट आणि तिप्पट आहे. हिमनग काय आजच नांगरायला लागले? कोट्यवधी वर्षं नांगरताहेत, तरी तिथे जीव आहेतच ना?

निफाडचा बागाईतदार
दोघंही विद्वान. मला एवढंच सांगा, आमच्या बागेवर गारपीट झाली तेव्हा हा ग्रुप कुठे होता? निफाडला पारा चार-पाचावर आला की आम्ही रात्री दोनला उठून बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबक चालू ठेवतो. नाहीतर पहाटे मणी तडकलेले. तेव्हा एकाने ‘काय थंडी पडलीय, मस्त’ म्हणून मिसळीचा फोटो टाकला होता. आणि आता अंटार्क्टिकाच्या स्पंजासाठी गळा काढायचा!

मखमलाबादकर
दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण दोन-तीन अंशांत काय होतं हे या ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त तुम्हालाच कळतं. अंटार्क्टिकात लॅटर्नुला नावाचा मोठा शिंपला आहे. उकरून बाहेर ठेवला तर परत चिखलात शिरतो. पाणी दोन-तीन अंशांवर गेलं की निम्म्यांना ते जमत नाही, पाच अंशांवर एकालाही नाही. तिथल्या पाण्याचं नेहमीचं तापमान शून्याच्या आसपास किंवा खाली.

निफाडचा बागाईतदार
शिंपल्याला पीकविमा आहे का? आमचाही असून नसल्यासारखाच.

चांदोरीची लेक
शिंपल्यांवरून आठवलं. लहानपणी आम्ही गोदावरीत पाय घातला की बोटांत शिंपले लागायचे. दगड उलटला की खेकडा. भाऊ वाम धरून आणायचा आणि आजी ओरडायची. आता रामकुंडाकडे जाऊन बघा, तळालाच काँक्रीट! तळाचे जीव, तळाचे जीव करताय, आधी आपल्या नदीचा तळ उघडा करा.

पाथर्डी फाटा
ताई, भावना समजल्या. पण सिंहस्थात तिथे लाखो माणसं पाण्यात उतरतात. त्यांना काय शेवाळलेल्या दगडांवरून घसरू द्यायचं? 2027 तोंडावर आहे. चेंगराचेंगरी झाली तर हेच लोक प्रशासनाच्या नावाने शिमगा करतील.

चांदोरीची लेक
घाट बांधा ना, पायऱ्या बांधा. पात्राचा तळ कशाला लिंपायचा? माझे वडील सांगायचे, तिथे खालून झरे यायचे. आता पाणी वरून सोडावं लागतं.

प्राणिशास्त्र (निवृत्त)
विषय भरकटलाय, तरी बोलतो. खेकडे, शिंपले, किड्यांच्या अळ्या गेल्या की नदीचा गाळ उपसणारं, चाळणारं कुणी उरत नाही. हे मी वर्गात शिकवलं. मुलं परीक्षेत लिहून मोकळी झाली. त्यांतला एक आता काँक्रीटचीच ठेकेदारी करतो, दिवाळीला मिठाई पाठवतो.

पाथर्डी फाटा
म्हणजे मिठाई खाताना शिंपले आठवत नाहीत वाटतं.

प्राणिशास्त्र (निवृत्त)
मला मधुमेह आहे. आणि तुम्ही ज्या बेरिंग समुद्राचा उल्लेख सोयीने टाळलात तो मी करतो. 2018 च्या हिवाळ्यात तिथे बर्फ नावापुरताच आला. बर्फामुळे तळाशी गार पाण्याचा जो थर राहतो त्यात स्नो क्रॅबची पिल्लं वाढतात. तो थर आक्रसला, पाणी तापलं, खेकड्यांची भूक वाढली आणि खायला पुरलं नाही. दहा अब्जांहून जास्त खेकडे गायब! 2022 मध्ये अलास्काला तिथली स्नो क्रॅबची मासेमारी पहिल्यांदाच बंद ठेवावी लागली. याला हिशोब जुळणं म्हणतात का?

पाथर्डी फाटा
बेरिंग आर्क्टिकच्या बाजूला, माझी पोस्ट अंटार्क्टिकाबद्दल होती.

मखमलाबादकर
तुमच्या पोस्टची पहिलीच ओळ : ‘ध्रुवांवरचा’. अनेकवचन आहे साहेब.

पाथर्डी फाटा
बरं बाबा. ‘काही ठिकाणी, काही जीव, काही काळ फोफावतात’ असं वाचा. झालं समाधान? आता एवढं जपून लिहिलं तर वाचणार कोण, तेही सांगा.

निफाडचा बागाईतदार
आम्ही वाचू. द्राक्षाचा भाव आम्ही तसाच वाचतो, काही ठिकाणी, काही काळ.

चांदोरीची लेक
सगळे हसून घ्या. काँक्रीटचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. ‘घसरतील’ हे उत्तर नव्हे, आमच्या तीन पिढ्या त्याच दगडांवरून उतरल्या.

पाथर्डी फाटा
तीन पिढ्यांत शहर केवढं वाढलं तेही बघा! आणि काँक्रीट फोडलं तरी वरून येणारं सांडपाणी कोण अडवणार? शिंपले गटारात आणून सोडणार का?

चांदोरीची लेक
सांडपाणी अडवा, हे तर मी पुढच्या पोस्टमध्ये लिहिणार होते. तुम्ही आधीच मान्य केलंत, बरं झालं. आता उरलं फक्त काँक्रीट.